ल्युलिकोनाझोल मलम: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

पावसाच्या तोंडावर मेडिकलमध्ये नेहमीची ट्यूब मागितली, तेव्हा "ती बंद झाली, काका, आता डॉक्टरांची चिठ्ठी आणा," असे उत्तर मिळाले. रत्नागिरीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी गजकर्णासाठी एक टक्का ल्युलिकोनाझोल या बुरशीनाशकाचे मलम लिहून दिले आणि भातलावणीपासून पुढे मी तेच वापरले.

पहिल्या आठवड्यात माझे मत वाईट होते. जुनी ट्यूब रात्री लावली की सकाळी खाज नसे. हे महागडे मलम लावूनही शेतातून ओल्या कपड्यांनी परतल्यावर हात कमरेकडे जायचाच. श्रावण लागेपर्यंत मात्र डागांचा खवलेदार काठ बसला आणि मलम थांबवल्यावरही डाग पुन्हा उठले नाहीत. जुन्या ट्यूबने हे कधीच साधले नव्हते.

तिच्यात ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन आणि क्लोबेटासॉल अशी चार औषधे होती. बुरशीवर चालणारे त्यांतले एकटे टर्बिनाफिन. क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड खाज आणि लाली दाबते, त्वचा पातळ करते आणि आत बुरशीला मोकळे रान देते. केंद्र सरकारने सप्टेंबर 2018 मध्ये औषधांच्या 328 ठरावीक मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत हे मिश्रणही होते. त्याच वर्षी मार्चमध्ये 14 स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, आली होती. बंदीनंतर काही कंपन्या जुनेच नाव ठेवून आतले घटक बदलतात, त्यामुळे डब्यावरचे नाव पाहून ट्यूब उचलण्यात अर्थ नाही. घटक वाचावेत आणि त्यांत क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोनसारखे स्टेरॉइड दिसल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

औषधाबद्दल माझी तक्रार उरली नाही. ट्यूबबद्दल मात्र आहे, आणि ती मोठी आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ओढलेली मलमाची रेघ साधारण अर्ध्या ग्रॅमची असते आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. डागाच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचे आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचे, असे डॉक्टरांनी बजावलेले. दोन्ही जांघा आणि कंबर धरली तर रोज एक ग्रॅम लागतो, म्हणजे दहा ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपते. त्यातही ॲल्युमिनियमची ट्यूब खालून गुंडाळत आणली की घडीवर चिरते आणि पैसे मोजून घेतलेले मलम बाजूने बाहेर येऊन बोटाऐवजी डब्याला लागते. मुदत छापलेली असते ती नेमकी त्याच शेवटच्या पट्टीवर, त्यामुळे एक-दोन वळसे पडले की ट्यूब किती जुनी हे कळायला मार्ग राहत नाही. या किमतीत प्लॅस्टिकची ट्यूब द्यायला काय हरकत होती? आता मी चिठ्ठीवर तीस ग्रॅम लिहून घेतो, चीर पडली की चिकटपट्टी लावतो आणि मुदत घरी आणल्या आणल्या डब्यावर पेनाने उतरवून ठेवतो.