ओढ्याच्या पूर-सर्व्हेला आरटीके की ऑटो लेव्हल?

दोन किलोमीटरचा ओढा, त्यावर पाच-सहा मोऱ्या, आणि पूरपातळी काढायला छेद (पात्राचे आडवे काप) हवेत. एवढ्या कामाला आरटीके (उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा आणि उंची सेंटिमीटरपर्यंत देणारं यंत्र) आणि ऑटो लेव्हल (तिपाईवरची दुर्बीण, जिच्या आडव्या दृष्टिरेषेवरून उंचीतले फरक मोजतात) ही दोन्ही यंत्रं पुरतात, पण दोघांच्या अडचणी वेगळ्या जागी येतात.

उघड्या पात्रात आरटीकेला तोड नाही. रोव्हर (खांबावर अँटेना बसवलेला आरटीकेचा फिरता भाग) घेऊन एकटा माणूस काठ, तळ, पूरमैदान असे छेद घेत जातो, प्रत्येक बिंदूला जागा आणि उंची दोन्ही मिळतात, वळणावळणाचा ओढा नकाशावर आपोआप उमटतो. ऑटो लेव्हलला दोन माणसं, टेप आणि झुडपं तोडायला कोयता लागतो. छेदाची जागा वेगळी नोंदवावी लागते. आरटीकेच्या खांबाच्या टोकाला चपटी चकती लावली नाही तर ते चिखलात रुततं, इतकंच जपायचं.

माझा कौल फिरला तो मोरीच्या तोंडाशी. पाइपच्या तळावर खांब टेकवला की अँटेना हेडवॉलला (पाइपच्या तोंडावरच्या भिंतीला) चिकटते. अर्धं आकाश झाकलं जातं, भिंतीवरून सिग्नल परावर्तित होतो. काठावर झाडं असली तर फ्लोट (अजून पक्की न झालेली जागा), आणि खरा त्रास म्हणजे कधीकधी पडद्यावर फिक्स (पक्की जागा मिळाल्याची खूण) दिसतो तरी उंची चुकीची असते. पुन्हा इनिशिअलाइज केलं (जागा नव्याने ठरवायला लावली) की आकडा बदलतो, तेव्हाच शंका येते. चांगल्या आकाशाखालीही उंचीत 2-3 सेंमी इकडेतिकडे धरावे लागतात. 10 मीटर लांबीच्या पाइपला 1:500 उतार असेल तर दोन तोंडांत फरक फक्त 2 सेंमी! त्यामुळे उलटा उतार निघतो, आणि पाइप खरंच खचलाय की यंत्र चुकलंय, हे ऑफिसात बसून ठरवता येत नाही.

लेव्हलने हे एका मांडणीत होतं. भरावाच्या कडेला यंत्र लावा. 3 मीटर भराव आणि दीड मीटर यंत्राची उंची धरली तरी 5 मीटरचा स्टाफ (आकडे लिहिलेली उभी मोजपट्टी) तळापर्यंत पुरतो. दोन्ही तोंडांचा तळ, हेडवॉलचा माथा, रस्त्याची पातळी, सगळं एकाच दृष्टिरेषेवरून आल्यामुळे आपसांतले फरक काही मिलिमीटरांत खरे राहतात. गाळ असेल तर गाळाचा माथा आणि सळई खुपसून पक्का तळ, दोन्ही नोंदवा. तळाशी पोहोचता येत नसेल तर यंत्र खाली, दृष्टिरेषा पाइपच्या आतल्या माथ्याखालून जाईल असं लावा, त्या माथ्याला स्टाफ उलटा धरा, ते वाचन उणे घ्या, मग व्यास वजा करा.

रस्त्यावरून पाणी कुठे उलटेल हे मात्र मोरीच्या डोक्यावर पाहू नका. रस्त्याचा सर्वांत खोल भाग बाजूला 30-40 मीटरवर असू शकतो. दोन्ही बाजूंना चढ लागेपर्यंत मध्यरेषेवर दर 10 मीटरला पातळी घ्या.

लेव्हलची चूक मुख्यतः वहीत होते. सकाळी टू-पेग तपासणी (दृष्टिरेषा खरंच आडवी आहे का ते पाहणं), बॅकसाइट-फोरसाइट (मागच्या आणि पुढच्या बिंदूवरची वाचनं) शक्यतो सारख्या अंतरावर, आणि शेवटी सुरुवातीच्या बिंदूवर परत या. बंद फेरीतली चूक 12√के मिलिमीटरच्या आत हवी, के म्हणजे फेरीची लांबी किलोमीटरमध्ये.

दोन्ही यंत्रं हाताशी असतील तर छेद आरटीकेने घ्या. प्रत्येक मोरीजवळ उघड्या जागी टीबीएम (उंचीची तात्पुरती संदर्भ-खूण) ठेवा आणि ते लेव्हलने जोडा. एकच मिळणार असेल, तर इतक्या लहान ओढ्यासाठी मी बहुधा लेव्हलच निवडेन. पूरमैदानाच्या छेदात 5 सेंमी चुकले तर बहुतेक वेळा निभावतं, मोरीत नाही.