ग्रीन नेट घेताना आधी टक्का विचारा

मानेवाड्याला आमची गच्ची, वर चाळीसेक कुंड्या. २०१३ च्या २३ मेला नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता, त्या आठवड्यात माझी अर्धी बाग भाजून गेली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात जुन्या साड्या बांधून भागवत होते. यंदा एप्रिलात इतवारीतून एकदाची ग्रीन नेट, म्हणजे झाडांवर सावलीला बांधायची हिरवी जाळी, आणली. तीन मीटर पन्हा, सहा मीटर लांबी, मीटरला ९० रुपये.

मागितली होती ५० टक्केवाली. दुकानदार म्हणाला, "काकू, नागपूरचं ऊन आहे, ७५ घ्या न." घेतली, अन् तिथंच फसले. हा टक्का म्हणजे जाळी किती ऊन अडवते तो आकडा. ७५ च्या जाळीखाली मनीप्लांट अन् पाम एकदम खूश. मोगरा मात्र रुसला. ऐन मे महिन्यात बर्डीच्या बाजारात गजऱ्यांचे ढीग, अन् माझ्याकडे नुसत्या लांबुळक्या फांद्या, कळी औषधाला नाही! शेवटी सहा कुंड्या जाळीबाहेर ओढल्या. एकदम नाही, आधी सकाळी दहापर्यंतचंच ऊन दिलं, मग हळूहळू वाढवलं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपता संपता कळ्या दिसल्या.

दुसरी गोष्ट धाग्याची. माझी जाळी चपट्या पट्टीची निघाली. गोल धाग्याची जास्त टिकते, थोडी महाग पडते. जूनच्या पहिल्याच वादळात कोपऱ्यातली कडी उपटली अन् जाळी थेट शेजाऱ्यांच्या कूलरवर. नुसत्या कडीला दोरी बांधू नका, काठ दुमडून त्यातून तार ओवा. आणि बांधा डोक्याच्या वर हातभर तरी. झाडांना टेकली की खाली गरम हवा कोंडते.

एक मात्र खरं, पाणी कमी लागलं. आधी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घालावं लागे, जाळीखाली कढीपत्त्याला सकाळचं एकदाच पुरलं. कुंडीत वाळक्या पानांचा थर होता, त्याचाही हात असेल. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र ओतू नका बापा! पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. माझ्या जास्वंदाच्या कुंडीला काठावर पांढरा थर धरला, मग कळलं.

मृग लागल्यावर एक ढगाळ दिवस पाहून जाळी उतरवली, धुतली, घडी घालून ठेवली. कुंड्या बदलणं, शेणखत वगैरे सगळं दोन चांगले पाऊस पडल्यावर. भर उन्हात मुळांना हात लावायची माझी हिंमत नाही.

जाळीला पाचपैकी साडेतीन, दुकानदाराच्या सल्ल्याला एक. पुढच्या एप्रिलात मोगऱ्यावर ५० ची, गोल धाग्याची. ही ७५ ची जाईल पामच्या कोपऱ्यात.