एल्कसाठी .३०-०६ की .३०० विन मॅग?

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत पहिल्यांदाच एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला निघालेला मित्र रायफलच्या या दोन काडतुसांत अडकलाय. पहिलं १९०६ चं, दुसरं १९६३ चं. १८० ग्रेन (सुमारे ११.७ ग्रॅम) वजनाची गोळी .३०-०६ मधून सेकंदाला साधारण २,७०० फूट वेगाने सुटते, विन मॅगमधून (म्हणजे विंचेस्टर मॅग्नम) २,९५०. त्यामुळे लांबवर मॅग्नमची गोळी कमी खाली येते, जोरही टिकतो. पण ३०० यार्डांच्या आत मोठ्या नरालाही .३०-०६ पुरतं.

खरा फरक खांद्याला कळतो. मॅग्नमचा धक्का बराच जास्त, काडतुसंही महाग, म्हणून सराव कमी होतो. धक्क्याच्या भीतीने ट्रिगर झटकला, तर गोळी फुप्फुसांऐवजी पोटात जाते आणि जखमी जनावर मैलोनमैल भटकतं. ते मला बघवत नाही.

दाट रानात पायी फिरणाऱ्याने .३०-०६ घ्यावी. उघड्या डोंगरउतारावर ४०० यार्डांचा नेम नियमित साधणाऱ्याने मॅग्नम.