समुद्रातली एसटी: किर्केनेस ते ट्रॉम्सो, बाबांसोबत तीन दिवस

आधीच सांगते, नॉर्वेचे फ्योर्ड, धबधबे, हिरवे डोंगर असले फोटो डोक्यात ठेवून या बोटीचं तिकीट काढणार असाल तर थांबा, ते सगळं खाली दक्षिणेला आहे. मी लिहितेय ते फिनमार्कबद्दल, म्हणजे नॉर्वेचा अगदी वरचा उजवा कोपरा, जिथे झाडं संपतात, पुढे बॅरेंट्स समुद्र आणि शेजारी रशिया. आकाराने हा एक जिल्हा अख्ख्या डेन्मार्कपेक्षा मोठा आणि माणसं जेमतेम पाऊण लाख. जी गावं आहेत ती बहुतेक पाण्याला चिकटून, बरीचशी दोन-तीन हजार वस्तीची, काही तर हजाराच्या आतली. आणि त्या गावांना एकामागून एक जोडत जाणारी ही रोजची बोट.

बेर्गेन ते किर्केनेस, ३४ थांबे, जाऊन-येऊन १२ दिवस. १८९३ पासून चालू आहे, तेव्हा फक्त ट्रॉन्डहाइम ते हॅमरफेस्ट होती, नंतर वाढत गेली. आधीची काही वर्षं सगळ्या बोटी हुर्टिग्रुटेन कंपनीच्या होत्या, २०२१ पासून हाविला नावाची दुसरी कंपनीपण त्याच मार्गावर चालवते आणि सरकार दोघांना पैसे देतं, का तर वाटेतल्या गावांना माणसं आणि माल पोचला पाहिजे. आमची बोट कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही कारण माझी तक्रार आहे ती एका बोटीची नाहीये, पद्धतीचीच आहे, ते पुढे येईलच.

बाबा रिटायर्ड, आयुष्यभर एसटीने फिरलेले, त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात निकाल लावला, "अगं ही तर एसटी आहे." आणि खरंच तसंच आहे. धक्का आला की बोटीच्या बाजूचा मोठा दरवाजा उघडतो, फोर्कलिफ्ट आत-बाहेर करते, खोकी, पॅलेट, एखादी गाडी, दोन माणसं उतरतात तीन चढतात, कोणीतरी कोणालातरी न्यायला आलेलं असतं, पंधरा मिनिटांत परत भोंगा. फरक एवढाच की या एसटीत वर जकुझी आहे.

पूर्ण बारा दिवसांचं पॅकेज आम्ही घेतलं नाही, बजेटपण नव्हतं आणि बाबांना एवढे दिवस बोटीवर बसवणं म्हणजे शिक्षा. विमानाने किर्केनेस, तिथून तुकड्या-तुकड्यांची तिकिटं काढून ट्रॉम्सोपर्यंत, मध्ये वार्डोला एक रात्र. अशी थांबा-ते-थांबा तिकिटं मिळतात हे कंपनीच्या वेबसाइटवर शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या, पहिल्या पानावर सगळीकडे फक्त पॅकेज पॅकेज आणि नॉर्दर्न लाइट्स. हीच ती तक्रार. मुळात गावकऱ्यांसाठी असलेली सेवा आता टूरिस्टला क्रूझ म्हणून विकली जाते, आणि साधं तिकीट काढणाऱ्याकडे थोडं वऱ्हाडात बिनबोलावता आलेल्या पाहुण्यासारखं बघतात. डायनिंग हॉलमध्ये पॅकेजवाल्यांची टेबलं ठरलेली, आम्हाला जागा उरली तर. बाबा शाकाहारी, मग कॅफेतलं सूप, ब्रेड आणि ब्राऊन चीज घातलेली वाफल यावर दिवस काढले. वाफल मात्र भारी, गोडसर कॅरॅमलसारखं चीज असतं ते, बाबांनी तीन वेळा घेतली.

किर्केनेसबद्दल फार लिहीत नाही, आमच्याकडे तिथे तीनच तास होते. रशियाची बॉर्डर गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, रस्त्यांच्या पाट्या रशियन लिपीतपण आहेत, लोखंडाच्या खाणीमुळे वाढलेलं गाव. बोट दुपारी साडेबाराच्या सुमारास सुटते आणि चारच्या आसपास वार्डो.

वार्डोला उतराच. बोट तिथे दक्षिणेकडे जाताना तासभर थांबते, बहुतेक टूरिस्ट त्या तासात चांदणीच्या आकाराचा किल्ला बघायला पळत जातात आणि पळत परत येतात, बस. किल्ला १७३०च्या दशकातला, छोटासा, गोड आहे पण त्याच्यासाठी वार्डो नाही. वार्डो हे नॉर्वेचं सगळ्यात पूर्वेचं शहर, इस्तंबूलच्याही पूर्वेला, नकाशा बघितल्याशिवाय बाबांना पटेना. बेटावर आहे, समुद्राखालून बोगदा आहे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा, नॉर्वेतला तसला पहिला.

सकाळी हॉर्नोया नावाच्या बेटावर गेलो, बंदरातून छोट्या बोटीने दहा-पंधरा मिनिटं. जून असल्यामुळे कडा पक्ष्यांनी भरलेला, हजारो नाही, कित्येक दहा हजार, पफिन अगदी हाताच्या अंतरावर, लाल-पिवळी चोच घेऊन ऑफिसला उशीर झालेल्या कारकुनासारखे इकडून तिकडे. वास भयंकर आहे हे कोणी सांगत नाही, मी सांगते, जॅकेट आठवडाभर वास मारत होतं. टोपी घालून जा, का ते तिथे गेल्यावर कळेल.

दुपारी स्टाइलनेसेट. ही जागा मला अजून आठवते. सतराव्या शतकात फिनमार्कमध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून ९१ लोकांना मारलं, बहुतेक बायका, बऱ्याच जणींना जिवंत जाळलं. एवढ्या कमी वस्तीच्या भागात ९१. त्यांचं स्मारक २०११ मध्ये उघडलं, पीटर झुम्थोर या आर्किटेक्टने बांधलेलं, लाकडी सांगाड्यात टांगलेला लांबच लांब कापडी बोगदा, आत अंधार आणि ९१ छोट्या खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा, शेजारी त्या माणसाचं नाव आणि कोर्टात काय आरोप होता ते. कोणावर वादळ उठवून बोट बुडवल्याचा, असले. शेजारच्या काचेच्या खोलीत लुईस बुर्जुआची जळती खुर्ची आहे, खऱ्या ज्वाळा, वर लंबगोल आरसे. आम्ही दोघंच होतो आत. वाऱ्याने ते कापड फडफडत होतं. बाबा बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "डाकीण म्हणून मारायची पद्धत काय फक्त आपल्याकडचीच नाही तर."

गाव स्वतः जरा उदास आहे, खोटं कशाला बोलू. मासळीचे कारखाने बंद पडले तशी माणसं गेली, रिकामी घरं दिसतात, त्यातल्या काहींच्या भिंतींवर मोठी चित्रं आहेत, २०१२ मध्ये बाहेरून कलाकार बोलावून काढलेली. किटीवेक नावाचे गल पक्षी खिडक्यांच्या कडांवर घरटी करून अखंड भांडत असतात. जेवायला दोन-तीन जागा, भाव नॉर्वेचे, म्हणजे बघूच नका.

संध्याकाळी पाचला पुढची बोट. मोकळ्या समुद्रात गेल्या गेल्या हलायला लागली, जूनमध्ये! हिवाळ्यात वारा जास्त असला की छोट्या बंदरांत बोट शिरतच नाही, थेट पुढे जाते, त्यामुळे त्या काळात ठराविक गावी उतरायचंच असेल तर एक दिवस हाताशी ठेवा. मला गोळी घेऊनही दोनदा बाथरूम गाठावं लागलं, बाबा ठणठणीत, एसटीच्या मागच्या सीटवर चाळीस वर्षं काढलेला माणूस.

बोट्सफ्योर्ड आठच्या सुमारास. आजही जोरात चालणारं मासेमारीचं गाव, धक्क्याला ट्रॉलर लागलेले. तिथे बाबांना चक्क तमिळ ऐकू आलं, वयस्कर जोडपं कोणालातरी सोडायला आलं होतं. मी आधी हसले, मग वाचलं की श्रीलंकेतून १९८०च्या दशकात बरेच तमिळ लोक उत्तर नॉर्वेच्या मासे-कारखान्यांत कामाला आले ते खरंच आहे. बर्लेवोगला धक्क्याच्या बाहेर लाटा अडवायला टेट्रापॉड रचलेत, मरीन ड्राइव्हला असतात तसे चारपायी काँक्रीटचे ठोकळे. हा बांध पुरा होईपर्यंत, म्हणजे १९७०च्या दशकापर्यंत, मोठी बोट आत येऊ शकत नव्हती, लोकांना उघड्या समुद्रात छोट्या होडीतून चढ-उतर करावी लागायची. म्हाताऱ्यांनी, गरोदर बायकांनी, सगळ्यांनी. हे ऐकल्यावर माझी उलटी फार मोठी तक्रार वाटेना.

आता वेळापत्रकाचं महत्त्वाचं. दक्षिणेकडे येताना मेहाम्न रात्री एकला आणि शेल्लेफ्योर्ड तीनच्या सुमारास येतं, हिवाळ्यात तुम्ही झोपेत असाल किंवा काळोख असेल. उत्तरेकडे जाणाऱ्या बोटीला हीच दोन गावं संध्याकाळी मिळतात पण वार्डो पहाटे साडेतीनच्या सुमारास. दोन्ही नीट बघायचं तर मे अखेर ते जुलै जा, रात्रच होत नाही. आम्ही डेकवर ब्लँकेट घेऊन जागलो आणि रात्री एकला सोनेरी उन्हात मेहाम्न बघितलं. हे तेच गाव जिथे १९०३ मध्ये कोळ्यांनी देवमासे मारण्याचा कारखाना मोडून-तोडून टाकला. त्यांचं म्हणणं होतं, देवमासे लहान मासळी किनाऱ्याकडे रेटतात आणि तिच्यामागे कॉड येतो, देवमासेच मारले तर आम्ही खायचं काय. सैन्य आलं, पण पुढच्याच वर्षी इथल्या किनाऱ्यावर देवमाशांच्या शिकारीवर बंदीपण आली. पंधरा मिनिटांत धक्क्यावर हे काहीच दिसत नाही हो, एक गोदाम, एक फोर्कलिफ्ट आणि पिवळं जॅकेट घातलेला एक माणूस, पण आधी वाचून गेलात तर तो माणूस वेगळा दिसतो.

शेल्लेफ्योर्डच्या आधी फिनशिर्का नावाचा समुद्रातून वर आलेला खडक आहे, चर्चसारखा दिसतो, सामी लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, जुनी नैवेद्याची जागा. त्याच्यासाठी जागं राहणं वसूल.

बऱ्याच रिव्ह्यूत लोक लिहितात की "सगळी गावं सारखीच दिसतात, ठोकळ्यासारखी घरं, कॅरेक्टर नाही." मलापण पहिल्या दिवशी तसंच वाटलं. कारण असं, की १९४४ च्या शेवटी जर्मन सैन्य मागे हटताना हा सगळा प्रदेश जाळत गेलं. साधारण ५०,००० लोकांना जबरदस्तीने बोटींत घालून दक्षिणेला नेलं, उरलेले गुहांत आणि मातीच्या झोपड्यांत लपून राहिले, ११,००० च्या आसपास घरं जाळली. होनिंग्सवोगमध्ये फक्त चर्च उरलं, १८८५ चं, आणि लोक परत आले तेव्हा आधी त्यातच राहिले. हॅमरफेस्टमध्ये स्मशानातलं प्रार्थनाघर तेवढं उरलं. मग सगळं एकदम, घाईत, सरकारी नकाशांवरून बांधलं, म्हणून घरं सारखी. हॅमरफेस्टला याचं म्युझियम आहे, बोट तिथे दीड-दोन तास थांबते, धक्क्यावरून चालत जाता येतं. पहिल्या दिवशी बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण किर्केनेसहून येणाऱ्याला ते शेवटीच येतं.

होनिंग्सवोगला पहाटे पावणेसहाला बरेच टूरिस्ट बसने नॉर्थ केपला, म्हणजे युरोपचं सगळ्यात उत्तरेचं टोक म्हणून प्रसिद्ध असलेल्या कड्यावर, जातात, तिथे नाश्ता करून हॅमरफेस्टला परत बोट पकडतात. आम्ही नाही गेलो, दोघांचे पैसे बघून बाबांनी हात जोडले. शिवाय खरं सगळ्यात उत्तरेचं टोक तिथलं नाहीच, शेजारची क्निव्हशेलोडन नावाची चपटी जीभ त्याच्याही पुढे जाते, पण तिच्यावर ३०७ मीटरचा कडा नाही, फोटो येत नाही, मग कोण विचारतंय. हॅमरफेस्टमध्ये म्हणे रेनडिअर बागांमधली फुलं खातात म्हणून शहराभोवती कुंपण घातलंय, तरी दोन महाशय बस स्टॉपपाशी उभे होतेच.

हॅमरफेस्टनंतर बोट बरीचशी बेटांच्या आडून जाते, ओक्सफ्योर्डच्या पुढचा मोकळ्या समुद्राचा एक पट्टा सोडला तर पाणी शांत, झोप काढा. किर्केनेसहून येताना केबिन घ्यायची असेल तर डावी बाजू, जमीन तिकडेच असते.

बाबांचा पूर्ण वेळ एकच प्रश्न होता, लोक इथे राहतात कशाला. सरकार इन्कम टॅक्समध्ये सूट देतं, इथे राहून नोकरी केली तर एज्युकेशन लोनचा काही भाग दर वर्षी माफ होतो, हे मी त्यांना वाचून दाखवलं. ते नुसतं "हं" म्हणाले. मग ओक्सफ्योर्डला एक शाळकरी मुलगा दप्तर आणि फुटबॉल घेऊन एकटाच चढला, कॅफेतल्या बाईने त्याला न विचारता चॉकलेट मिल्क दिलं, पुढच्या थांब्याला शेर्वोयला तो उतरला, खाली त्याची आजी उभी होती. बाबा कठड्यावरून बघत होते. "सुट्टी लागली वाटतं त्याला," म्हणाले.

बोटीला पाचपैकी साडेतीन, जेवणाला दोन, वेबसाइटला एक. वार्डोला पाच, वासासकट.