६८०६०च्या नावाखाली एलसी चिप विकली जाते, सावध राहा

अमिगा १२०० या जुन्या संगणकावर ब्लिझर्ड १२६० हे वेग वाढवणारं कार्ड वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचा. या कार्डावरचा मोटोरोलाचा ६८०६० प्रोसेसर मुळात ५० मेगाहर्ट्झवर चालतो. तो ८०वर न्यायचा तर नुसता ऑसिलेटर (वेग ठरवणारा घड्याळाचा भाग) बदलून भागत नाही. चिप सहाव्या रिव्हिजनची (सुधारित आवृत्तीची), म्हणजे ७१ई४१जे मास्कची लागते; मास्क म्हणजे चिपवर छापलेला त्या आवृत्तीचा नंबर. जुन्या रिव्हिजनना एवढा वेग सहसा झेपत नाही, त्या तापतातही फार. म्हणून या मास्कला भाव आहे, आणि लबाडीही त्याच्याच नावाने चालते.

मी एका विक्रेत्याकडून ऑनलाइन अशी चिप घेतली. फोटोत छपाई अगदी स्वच्छ होती, मास्क नंबर ठसठशीत होता, किंमतही इतरांइतकीच. चिप बसवली आणि आधी ५०वरच मशीन चालू केलं. वर्कबेंच, म्हणजे अमिगाचा डेस्कटॉप, व्यवस्थित आला. थ्रीडी रेंडरिंगचा प्रोग्राम उघडला मात्र, लाल चौकटीत गुरू मेडिटेशन, म्हणजे अमिगाचा मशीन अडकल्याचा संदेश: ८००००००बी. फ्लोटिंग पॉइंटची, म्हणजे दशांश आकडेमोडीची, आज्ञा प्रोसेसरला कळलीच नव्हती. खऱ्या ६८०६०मध्ये अशी आकडेमोड करणारं एफपीयू आतच असतं, त्याच चिपच्या एलसी आणि ईसी प्रकारांत ते नसतं.

मग पीसीआर रजिस्टर वाचलं, म्हणजे प्रोसेसरच्या आत साठवलेला त्याचा ओळख आकडा. छपाई बदलता येते, रजिस्टरमधला हा ओळख आकडा बदलता येत नाही. सुरुवातीला ०४३० असेल तर चिप पूर्ण ६८०६०. माझ्याकडे ०४३१ आलं, म्हणजे एलसी किंवा ईसी. त्यापुढचे दोन अंक रिव्हिजनचे, तेही सहा नव्हते. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर वरचा काळा थर बोळ्यावर उतरला आणि खाली घासल्याच्या रेघा दिसल्या.

विक्रेत्याने आधी माझ्या कार्डाला दोष दिला, मग ६८०६०ची लायब्ररी (तिच्यासाठीची सॉफ्टवेअर फाइल) बदलायला सांगितली, मग "बदली चिप पाठवतो" म्हणत तक्रारीची मुदत टळेपर्यंत झुलवलं. त्यानंतर उत्तरच नाही. याची मला मनापासून चीड आहे. एलसी चिप एलसी म्हणून विकली असती तर एफपीयू न लागणाऱ्या कुणीतरी ती आनंदाने घेतली असती. आणि हे कार्ड बनवणारी फेज५ कंपनी कधीच बंद झाली. खोट्या रिव्हिजनवर भरवसा ठेवून कुणी थेट ८०वर चालवलं आणि कार्ड गेलं, तर नवं आणायचं कुठून?

पैसे देण्याआधी, विकायची तीच चिप मशीनमध्ये बसवताना आणि लगेच पीसीआरचा आकडा दाखवताना असा एकसलग व्हिडिओ मागा. चिप हाती आली की त्याच दिवशी ५०वर तपासा. आकडा चुकीचा निघाला तर विक्रेत्याशी बोलत बसू नका, तक्रार आधी नोंदवा.