उड्डाणाच्या तासांचे पैसे आगाऊ भरू नका

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. माझ्या वडिलांनी कातळ फोडून लावलेली कलमं. त्या बागेच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात आज बँकेचा बोजा आहे, आणि तो कशापायी चढला ते लिहितो आहे. आपल्या भागातली आणखी चार मुलं याच वाटेने निघाली आहेत असं कानावर आलं, म्हणून गप्प बसवत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि माझ्या मुलाच्या डोक्यात पायलट व्हायचं बसलं. बारावीला फिजिक्स-मॅथ्स होतं, पायलटसाठीच्या मेडिकल तपासणीत पास झाला. मे २०२३ मध्ये कणकवलीला एका हॉटेलात मार्गदर्शन शिबिर होतं, तिथे आम्ही गेलो. बोलणारा एजंट आपल्याच भागातला, मालवणीत बोलणारा. त्या बोलीवर मी विश्वास टाकला. परराज्यातली फ्लाइंग स्कूल, उड्डाणाचे २०० तास, ग्राउंड क्लास आणि होस्टेल धरून ४२ लाख, वर्षभरात लायसन. त्यातले २६ लाख सुरुवातीलाच भरले तर ३ लाख सूट. बँकेने तारण मागितलं. जमीन सामायिक, म्हणून चुलतभावांच्या सह्या घ्याव्या लागल्या. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, सह्या करून दिल्या. आज त्यांच्यासमोर उभं राहताना मान खाली जाते.

आणखी एक गोष्ट तिथेच झाली. एजंट म्हणाला, "एअरलाइनला १५०० तास लागतात, २०० वर कोण विचारतो? पुढच्या आवर बिल्डिंगची, म्हणजे तास वाढवायच्या उड्डाणांची, जागा आत्ताच बुक करा." मी २ लाख त्याचेही दिले. हे साफ चुकीचं होतं. आपल्याकडे डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, कमर्शियल लायसन २०० तासांवर मिळतं, त्यात १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमान स्वतःच्या जबाबदारीवर उडवून, लागतात. त्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण, करून एअरलाइनमध्ये को-पायलट म्हणून लागता येतं. १५०० तास लागतात ते एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन होताना, आणि तोवरचे तास बहुतेक पायलट नोकरीतच भरून काढतात. को-पायलटलाही १५०० तास हा नियम अमेरिकेचा. २००९ साली बफेलोजवळ विमान पडून ५० माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये त्यांनी तो आणला. तिकडचा नियम इकडे दाखवून आमच्याकडून पैसे काढले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुलगा गेला. पहिलं उड्डाण ११ जानेवारी २०२४ ला. तोवर रोज सकाळी युनिफॉर्म घालून बसायचं आणि फळ्यावर आपलं नाव शोधायचं. पाच विमानं सांगितली होती, उडत होती दोन. एक इंजिनासाठी थांबलेलं, एक स्पेअर पार्टसाठी, आणि एकाचे तर पंखच काढून ठेवलेले. मुलं ५५. हे गणित मी शिबिरातच करायला हवं होतं: ५५ मुलांचे २०० प्रमाणे ११,००० तास. दोन विमानं रोज चार-चार तास वर्षातले ३०० दिवस उडाली तरी २,४०० तास होतात. म्हणजे साडेचार वर्षं, आणि तेही मध्ये पाऊस पडलाच नाही असं धरून. २०२४ च्या पावसाळ्यात चार महिन्यांत त्याला साडेतीन तास मिळाले.

बिलातही घोळ होता. लॉगबुकात ४५ मिनिटं आणि खात्यातून वजा एक तास. विचारलं तर म्हणत, मिनिमम एवढंच लागतं. ही अट करारात कुठेच नव्हती.

आणि मग मार्च २०२५ मध्ये रात्री साडेअकराला फोन आला. पोरगा हळू आवाजात बोलत होता. ऑफिसातल्या माणसाने सांगितलं होतं, ४० तास लॉगबुकात लिहून देतो, सही कर, तुझंही काम होईल आणि आमचंही. मुलं त्यांना पेनाचे तास म्हणतात. तो म्हणाला, "बाबा, विमान वर गेलाच नाय, मग तास खंयसून येतले? उद्या माझ्या मागे दीडशे माणसां बसतली." मी क्षणभर गप्प राहिलो. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी डोक्यात बँकेचा हप्ता आला होता. माझ्या हातातून फोन हिने घेतला आणि सांगितलं, "सही करू नको. घराक ये."

तो आणखी दोन महिने थांबला, काही हाती लागेल म्हणून. सही मात्र केली नाही. २०११ साली देशात खोट्या गुणपत्रिका आणि खोट्या तासांवर लायसन काढलेले पायलट पकडले गेले होते, हे त्याला ठाऊक होतं. प्रत्येक विमानाची स्वतःची वही असते, इंधनाची नोंद असते, टॉवरकडे नोंद असते. खोटा तास त्यांच्याशी जुळवून पाहिला की उघडा पडतो, आणि लायसन जातं ते मुलाचं.

१९ महिन्यांत ६१ तास ४० मिनिटं झाली. २६ लाखांना भागून पाहा, तासाला ४२ हजारांच्या वर पडले. ठरला होता त्याच्या दुप्पट दर. पैसे परत मागितले तर करारातलं बारीक अक्षर दाखवलं: भरलेली रक्कम परत नाही, वाद झाला तर कोर्ट त्यांच्या शहरातलं. एजंटने फोन उचलणं बंद केलं. ओरोसच्या वकिलांनी सांगितलं की २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ती केली आहे. शिक्षणसंस्था या कायद्यात येतच नाही असं फ्लाइंग स्कूलचं म्हणणं आहे. तारखा पडताहेत.

जाण्याआधी एक करा. शाळेच्या जागी जा, दोन दिवस राहा, आणि दिवसात किती विमानं वर जातात ते स्वतः मोजा. होस्टेलमधल्या जुन्या मुलांना विचारा, महिन्याला किती तास मिळतात. डीजीसीएच्या यादीत शाळेचं नाव आहे एवढ्यावर थांबू नका, आमचीही त्या यादीत होती. आणि उशीर नुसता पैशाचा नसतो. लायसनच्या अर्जाआधीच्या पाच वर्षांतलेच तास धरतात. माझ्या मुलाचे पहिले तास जानेवारी २०२९ पासून एकेक करून गळायला लागतील.

आता तो दुसऱ्या ठिकाणी आहे. तिथे उडाल्यावर पैसे द्यायचे, आधी नाही. प्रत्येक उड्डाणाच्या आधी आणि नंतर तो विमानातल्या तासांच्या मीटरचा फोटो पाठवतो आणि मी पेट्यांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवतो. काल १ तास १० मिनिटं झाली.