पियानोच्या बिडात तुटलेला एझी-आउट आणि कार्बाइडचे बर: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या ग्रँड पियानोच्या दुरुस्तीसाठी मी गेल्या पावसाळ्यापासून तीन मिलिमीटर दांड्याचे, गोल डोक्याचे कार्बाइड बर, म्हणजे वेगाने फिरवून धातू कापणारी छोटी दातेरी पाती, वापरतो आहे. तारेची उंची आणि जागा ठरवणारे पितळी अग्राफ फ्रेममध्ये आट्यांनी बसवलेले असतात. ते उलगडताना मान तुटते, उरलेल्या खुंटात कोणीतरी एझी-आउट (तुटलेला स्क्रू बाहेर काढायचे उलट आट्यांचे हत्यार) ठोकतो, त्या निमुळत्या पोलादाने मऊ पितळ फुगून भिंतीला आणखी घट्ट बसते आणि शेवटी एझी-आउटच आत मोडतो.

इतर कामांत असा तुकडा पंचाने फोडतात. येथे ते करूच नये, कारण सगळ्या तारांचा मिळून सुमारे अठरा-वीस टनांचा ताण सोसणारी ही फ्रेम ठिसूळ बिडाची असते आणि तिला तडा गेला की पियानोच संपतो. साधे हायस्पीड ड्रिल कडक तुकड्यावरून घसरून शेजारच्या मऊ बिडात शिरते व छिद्र तिरके होते. तुरटीचे गरम पाणी पोलाद विरघळवते आणि पितळाला जवळजवळ धक्का लावत नाही, म्हणून सुट्या पितळी भागासाठी ते उत्तम आहे, पण फ्रेमवर ते बिडालाच खाईल.

बर मात्र तो तुकडा खरोखर कापतो. वेग मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या आसपास, हात हलका, आणि मध्यापासून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे कापत गेल्यास कडेचे पातळ कवच सुईने निघते. तुटलेला टॅप (छिद्रात आटे पाडायचे हत्यार) असेल तर त्याच्या खाचांत दात अडकून बरचे टवके उडतात, तेव्हा चष्म्याशिवाय काम करू नये. स्वस्त बरमध्ये डोके पोलादी दांड्याला झाळलेले असते व ते सांध्यातून निखळते. अखंड कार्बाइडचे महाग असले तरी तेच घ्यावेत. कापताना व्हॅक्यूमचे तोंड छिद्राशी धरावे आणि साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) झाकावा, कारण ती भुकटी नंतर शोधून काढणे फार कष्टाचे असते.

नुसता पितळी खुंट असेल तर बरची गरज नाही. डाव्या आट्याचे ड्रिल उलट फिरवत मध्यावर धरले की बहुतेक वेळा खुंट ड्रिलसोबतच उलगडून वर येतो.